नऊ खणांचं घर आणि देवीचा पलंग

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्यात घर केवढं हे चौरस फुटांत सांगायची रीत नव्हती. "किती खणांचं?" असं विचारायचे. चार खांबांच्या मधली, तुळया-कड्यांनी झाकलेली जागा म्हणजे एक खण. नऊ खणांचं घर असलं की सोयरीक करणारा दुसरा प्रश्न विचारत नसे. अठरा खणांचा वाडा गावात एखाददुसरा. आमचं घर नऊ खणांचं. दारातून आत आलं की ढाळज, पुढे उघडा चौक, चौकाभोवती ओसरी, मागे माजघर. भिंती दगडाच्या, अडीच हात रुंद, चिखलात बसवलेल्या. त्या रुंदीतच धान्याचं बळद, दिव्याच्या दिवळ्या आणि लहान मुलाला लपायला पुरेल एवढा कोनाडा.

वर माळवद. लाकडी कड्यांवर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात बाहेर रस्ता पोळत असताना माजघरात ओल्या माठासारखा गारवा असे आणि साण्यातून उतरलेला उजेडाचा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकत राही. मृगाच्या आधी घरोघरी माळवदावर माती चढे. गळतं तिथे आणखी दोन पाट्या. चढलेली माती मात्र कुणी उतरवत नसे, म्हणून दोन-तीन पिढ्यांच्या घरावर हात-दीड हात जाडीचा थर साचलेला असे.

या घरात तीस वर्षांहून अधिक काळ कुणी झोपलेलं नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर पट्ट्यात जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. आठ ते दहा हजार जीव गेले, त्यांतले बहुतेक स्वतःच्याच भिंतींच्या दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली. सास्तूर आज लोहारा तालुक्यात आहे. ५२ गावं जुन्या जागेवरून उठून नव्या जागी वसवली गेली. आमचं घर पडलं नाही. उत्तरेच्या भिंतीला बाहेरून पोट आलं आणि चौकाच्या कोपऱ्यात हात जाईल एवढी चीर पडली. त्या दिवसापासून घरातली माणसं आधी अंगणात, मग पत्र्याखाली आणि पुढे समोर बांधलेल्या स्लॅबच्या खोल्यांत झोपू लागली. जुन्या घरात देव राहिले, रिकामी कणगी राहिली आणि एक मोडकी बाज.

गेल्या दसऱ्याला घराचा विषय निघाला. पुण्यातल्या भावाचं म्हणणं पाडून जागा मोकळी करावी. आर्किटेक्चर शिकणाऱ्या पुतणीचं म्हणणं वेगळं होतं. तुळजापूरला जाणारे भाविक, नळदुर्ग बघायला येणारे पर्यटक यांच्यासाठी त्यात चार खोल्या करता येतील. इटलीत अशी घरं माणसं मुद्दाम शोधून राहायला जातात, असं ती सांगत होती. "काका, आधी आपण झोपून बघू," ती म्हणाली. "आपल्याच जिल्ह्यात, जुन्या घरात, पाहुणे म्हणून."

त्या एका वाक्यावर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीनच्या राशी चालल्या होत्या. मळणीयंत्रांचा भुसा हवेत होता आणि तुरीला पिवळा फुलोरा येऊ घातला होता. पुणे-हैदराबाद महामार्गाला लागलं की जळकोट येतं, मग नळदुर्ग. गावात शिरताच किल्ल्याची तटबंदी दिसते, पण या किल्ल्याचा जीव तटात नाही. तो खाली बोरी नदीच्या पात्रात आहे.

बोरीवर सुमारे ९० फूट उंच दगडी बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात, १६१३ साली मीर मोहम्मद इमादीन याने तो बांधला. पायऱ्या उतरून आत गेलं की डोक्यावर, पाठीमागे अडवलेलं पाणी असतं आणि समोर नक्षीदार गवाक्षाबाहेर कोसळणारं पाणी. दोन सांडव्यांतून पडणाऱ्या धारांना लोकांनी नर आणि मादी अशी नावं दिली आहेत. पाऊस चांगला झाला होता, दोन्ही धारा चालू होत्या. आत बोललेलं ऐकू येत नव्हतं. पुतणीने भिंतीवर तळहात टेकवला आणि कोरडा हात मला दाखवला. चारशे वर्षं पाण्यात उभ्या असलेल्या भिंतीचा आतला दगड कोरडा होता.

पाणी महाल मुक्कामासाठीच बांधलेली खोली आहे. तिथे फक्त बसायचं आणि पाणी बघायचं. एखाद्या बादशहाने नदीच्या मधोमध बसण्याच्या सुखासाठी एवढा खटाटोप करावा आणि त्यातून परिसराला पाण्याचा साठाही मिळावा, ही दख्खनच्या जलविद्येची करामत होती. अशा जागा पुढे परक्या माणसांनाही भुरळ घालत राहिल्या. १८५३ मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला तेव्हा कर्नल मेडोज टेलर इथला अधिकारी होऊन आला आणि नळदुर्गात राहिला. ठगांवरच्या कादंबरीने तो आधीच प्रसिद्ध होता. पुढे १८६३ मध्ये त्याची 'तारा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तिची नायिका तुळजापूरची. काही वर्षांच्या मुक्कामातून हे गाव त्याच्या लिहिण्यात कायमचं उतरलं.

नळदुर्गाजवळच मैलारपूरचं खंडोबाचं देऊळ आहे. आम्ही गेलो तेव्हा देव तिथे नव्हते. ते काही मैलांवरच्या अणदूरला होते. या खंडोबाला दोन गावं आहेत. वर्षातले सुमारे सव्वादहा महिने देव अणदूरला राहतात. चंपाषष्ठी झाली की मूर्ती वाजतगाजत नळदुर्गला येते, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा होते आणि त्यानंतर देव परत अणदूरला जातात. देव नेताना आणि आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देवाचा मुक्काम कुठे, किती दिवस आणि कोणाच्या जबाबदारीवर, हे कागदावर ठरतं. पाहुणा घरात घ्यायचा तर त्याच्या राहण्याची जबाबदारी इतक्या काटेकोरपणे घ्यायची असते, हे या मुलखाने देवापासून सुरू केलं आहे.

संध्याकाळी तुळजापूर. बालाघाटाच्या उतारावरचं हे गाव देवळाभोवती पायऱ्यापायऱ्यांनी वसलेलं आहे. इथे पिढ्यान् पिढ्या भाविकांचा मुक्काम पुजाऱ्याच्या घरी होत आला. लोहाऱ्याच्या माणसाचा पुजारी ठरलेला, लातूरच्या माणसाचा ठरलेला, सोलापूर-विजापूरकडच्यांचा ठरलेला. पुजाऱ्याच्या बोलीत घरी आलेलं भक्ताचं कुटुंब म्हणजे 'यजमान'. बाकी मराठीत ज्याच्या घरी उतरायचं तो यजमान. इथे पाहुणाच यजमान.

आमच्या पुजाऱ्याच्या घराची गल्ली अरुंद होती. घराचा पुढचा भाग सिमेंटचा, दोन मजली. मागचा जुना, लाकडी खांबांचा, चौकाचा. दारातल्या मावशींनी आधी गाव विचारलं.

"लोहारा."

"लोहाऱ्यात कुणाचे?"

आडनाव सांगितल्यावर त्यांनी आजोबांचं नाव घेतलं. माझ्या आजोबांचं नाव घेणारं माणूस लोहाऱ्यातही आता विरळ झालं आहे. "हात-पाय धुवा, चहा टाकते. पुढं एसीची खोली हाय, मागं जुनं हाय. कुटं झोपता?" आम्ही जुनं मागितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं. "लोक मागचं मागत नाहीत आता," त्या म्हणाल्या आणि ओसरीवर सतरंज्या टाकायला सांगितलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. येसराचा वास आला की मराठवाड्याच्या माणसाला आपण घरी आहोत हे कळतं. भाजलेली बाजरी, ज्वारी, डाळी आणि मसाले दळून ठेवायचे, ऐनवेळी पाण्यात उकळायचे. अचानक दहा माणसं दारात आली तरी अर्ध्या तासात पंगत बसावी म्हणून घडलेला हा पदार्थ आहे. पाहुण्यांची सवय असलेल्या घरांतूनच अशी आमटी जन्माला येते.

रात्री दर्शनाला गेलो. देवी सिंहासनावर नव्हती, पलंगावर निजली होती.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे हलवता येणारी. वर्षात २१ दिवस ती पलंगावर निद्रा घेते. नवरात्राच्या आधीची घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंतची श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधीची मोहनिद्रा. दसऱ्याच्या पहाटे साड्यांमध्ये गुंडाळलेली मूर्ती पालखीत बसते, देवळाभोवती सीमोल्लंघन होतं, पिंपळाच्या पारावर टेकते आणि मग पलंगावर येते. पालखी बुऱ्हाणनगरची. पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात तयार होतो आणि वाटेवरच्या गावांत मुक्काम करत, पूजा घेत, माणसांच्या खांद्यावरून तुळजापूरला येतो. ज्या गावांतून तो जातो तिथल्या बायका पलंगाची ओटी भरतात. लढाई करून दमलेल्या बाईला निवांत झोप मिळावी म्हणून इतक्या गावांनी हात लावलेला पलंग आणावा, ही कल्पना मला त्या रात्री नव्याने उमगली. गाभाऱ्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेजारची एक म्हातारी नातवाला दटावत होती, "आई निजली हाय, गप."

ओसरीवर पाठ टेकली तेव्हा अकरा वाजून गेले होते. दूर संबळ वाजत होती. वर कडीपाट होता आणि मला पहिला तास झोप आली नाही. कड्या मोजत पडलो. सोळा होत्या. मातीच्या छपराखाली आडवं झालं की आमच्या पट्ट्यातल्या माणसाचं अंग आपोआप दाराच्या दिशेने वळतं. मी कुशीवर कुशी बदलतोय हे पुतणीने पाहिलं आणि अंधारातच तिने इटलीची गोष्ट सांगायला घेतली. भूकंपाचीच गोष्ट.

६ मे १९७६ रोजी इटलीच्या ईशान्य टोकाला, फ्रिउली प्रांतात मोठा भूकंप झाला. सुमारे एक हजार माणसं गेली. सप्टेंबरमध्ये पुन्हा धक्के बसले. व्हेनझोने गावाचं चर्च कोसळलं. तिथल्या लोकांनी ढिगाऱ्यातले दगड वेचून, शेतात ओळीने मांडून, जुन्या छायाचित्रांशी ताडून, एकेक दगड पुन्हा आपल्या जागी बसवला. पण डोंगरातल्या गावांपुढे वेगळा प्रश्न होता. घरं दुरुस्त झाली तरी त्यांत राहणार कोण? तरुण शहरांत गेले होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच प्रांतातल्या कार्निया भागात एक कल्पना निघाली आणि जानकार्लो दाल्लारा या अभ्यासकाने ती पुढे घडवली. इटालियनमध्ये तिला 'अल्बेर्गो दिफ्फूझो' म्हणतात, म्हणजे विखुरलेलं हॉटेल. नवी इमारत बांधायची नाही. एक खोली या गल्लीत, दुसरी त्या गल्लीत, नाश्ता चौकातल्या घरात, किल्ली देणारं माणूस वेशीजवळ. पाहुणा गावात राहतो आणि खोलीतून नाश्त्याला जाताना त्याला गाव ओलांडावं लागतं. एक अट महत्त्वाची. गावात गावकरी राहत असले पाहिजेत. रिकाम्या गावात हे चालत नाही.

आब्रुत्सो प्रांतातल्या सान्तो स्तेफानो दी सेस्सानियो या डोंगरी गावात हा प्रयोग जगाला ठाऊक झाला. एके काळी लोकरीच्या व्यापारावर पोसलेल्या या गावात शंभराच्या आसपास माणसं उरली होती. दानिएले किलग्रेन १९९९ मध्ये मोटरसायकलवरून तिथे पोचला आणि हळूहळू घरं विकत घेऊन त्याने 'सेक्स्टान्तिओ' नावाचं विखुरलेलं हॉटेल उभं केलं. चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या भिंती त्याने रंगवल्या नाहीत. जुन्या लाकडी खाटा, हातमागाच्या घोंगड्या तशाच ठेवल्या. जमिनीखालून ऊब दिली, दिव्यांच्या तारा लपवल्या, आणि भिंती आतून बांधून घेतल्या.

त्या शेवटच्या कामाची परीक्षा ६ एप्रिल २००९ च्या पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी झाली. लाक्विला शहराजवळ भूकंप झाला, तीनशेच्या वर माणसं गेली. सान्तो स्तेफानोचा मध्ययुगीन मनोरा जमीनदोस्त झाला. त्या मनोऱ्याच्या माथ्यावर आधी काँक्रीटचा भार चढवलेला होता. बांधून घेतलेल्या जुन्या घरांतल्या खोल्यांचं मात्र फारसं नुकसान झालं नाही.

मी उठून बसलो. माथ्यावर भार चढवलेला मनोरा कोसळतो आणि आतून बांधलेली जुनी भिंत टिकते, हे मला सास्तूरच्या रस्त्यावर कधीच समजायला हवं होतं. १९९३ नंतर आलेल्या अभियंत्यांनी जे नोंदवलं ते गावातल्या सुतारांनी आधीच पाहिलं होतं. भिंती कोसळल्या तिथेही अनेक घरांचे खांब आणि तुळया उभ्या होत्या. आमच्याकडची रुंद भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, एक आतली, एक बाहेरची, आणि मध्ये चिपा-मुरूम. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड बऱ्याच घरांत नव्हताच. वरून पिढ्यांची माती. हादरा बसला की दोन्ही अंगं सुटली. माणसं दगडाने आणि मातीने मेली, म्हणून आपण दगड-मातीच्या घरालाच मारेकरी ठरवलं. खरा दोष न घातलेल्या दगडाचा आणि न उतरवलेल्या मातीचा होता.

हे ज्ञान तेव्हाही होतं, आणि इथेच होतं. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या पुनर्वसन प्रकल्पात तेरा जिल्ह्यांतल्या घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम झालं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. त्या घरोघरी जाऊन भिंतीला आरपार सांधे कसे घालायचे, कोपरे कसे बांधायचे, छपराचा भार कसा कमी करायचा हे समजावत होत्या. पण भीती शिकवणीपेक्षा मोठी होती. ज्याला परवडलं त्याने स्लॅब टाकला आणि जुन्या घराला कडी लावली.

कडी लावलेली घरं पुन्हा उघडू शकतात, यासाठी इटलीतलं मातेरा शहर आठवण्यासारखं आहे. तिथे डोंगरात कोरलेल्या सास्सी नावाच्या वस्तीत माणसं जनावरांसह राहत. गरिबी आणि रोगराई इतकी की १९५२ मध्ये कायदा करून पंधरा हजारांहून अधिक माणसांना नव्या वसाहतींत हलवायचं ठरलं. सास्सी ओस पडली. १९९३ मध्ये, आमची गावं उठत होती त्याच वर्षी, युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं. २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी होती आणि त्या गुहांमधल्या खोल्यांत आज जगभरातले पाहुणे उतरतात. ज्या घरांची देशाला लाज वाटत होती ती घरं पाणी, शौचालय आणि मजबुती मिळाल्यावर अभिमानाची झाली.

महाराष्ट्रात असं काही नाही असं नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाच्या चित्रांवरून सजवलेल्या खोल्यांचं छोटं हॉटेल तिथलं राजघराणं चालवतं. पण ते राजवाड्याचं झालं. शेतकऱ्याच्या, सुताराच्या, पुजाऱ्याच्या घराचं काय? केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत १९५० पूर्वी बांधलेली वास्तू वारसा हॉटेलांसाठी विचारात घेतली जाते. वयाची ही अट धाराशिव जिल्ह्यातली कितीतरी माळवदं सहज ओलांडतील. बाकीच्या अटी वेगळ्या, पण वय नाही म्हणून कुणी नाकारणार नाही.

सकाळी मावशी चौकात सडा घालत होत्या. आंघोळीला चुलीवरचं कढत पाणी मिळालं. शौचालय पुढच्या नव्या भागात, म्हणजे रात्री चौक ओलांडून जावं लागत होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमायचं नाही, पुतणीने तेवढं वहीत टिपलं. दिवळीतल्या दिव्यामुळे भिंत काळी झाली होती, तेही टिपलं आणि पुढे लिहिलं, 'पुसायची नाही'. मावशींना मी विचारलं, मागचं कधी पाडणार?

"पोरगं म्हनतंय पाडू. पन उन्हाळ्यात सगळे मागंच येऊन झोपत्यात," त्या म्हणाल्या.

गावात फिरताना दिसत होतं, देवळाभोवतीची जुनी घरं एकेक करून लॉज होत आहेत. गर्दी मोठी आहे, खोल्या लागतातच. कोजागरीच्या यात्रेला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लाखो माणसं चालत येतात, त्यांना ओसरी पुरणार नाही. पण त्या लॉजमध्ये उतरलेल्या माणसाला त्याच्या आजोबांचं नाव कुणी सांगत नाही. तुळजापूरने इटलीच्या कितीतरी आधी गावभर विखुरलेला मुक्काम चालवला. प्रत्येक घर एक खोली देणारं, सगळ्यांचा चौक एक, तो म्हणजे देऊळ. इथे नवं काही आणायचं नाही. आहे त्या मागच्या ओसरीला आरपार सांधे, हलकं छप्पर आणि जवळ एक स्वच्छ शौचालय द्यायचं आहे. हे काम व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण ती ओसरी गेली की यजमान हा शब्दही पूजेच्या पावतीपुरता उरेल.

निघताना मावशींनी खण-नारळाची ओटी पुतणीच्या हातात दिली. कापडाचाही खणच.

लोहाऱ्याला परतल्यावर तिसऱ्या दिवशी गवंडी आणि सुतार दोघांना एकदमच बोलावलं. सुतार कानाजवळ खांब धरून हातोडीच्या दांड्याने ठोकत गेला. बारा खांबांपैकी नऊ खणखणीत, दोन बुडाशी कुजलेले, एकाला वाळवी. गवंड्याने उत्तरेच्या भिंतीचं पोट दोरी लावून मोजलं. म्हणाला, एवढी भिंत उतरवून पुन्हा बांधावी लागेल, बाकीच्या भिंतींत हळूच दगड काढून आरपार भोक करायचं, आकड्याची सळई घालून सिमेंट भरायचं, आणि वरून सगळीकडे पट्टा. "पन आधी माळवद उतरवा," तो म्हणाला. "त्याच्याशिवाय मी आत हात घालनार न्हाई."

शिडी लावून आम्ही वर गेलो. माळवदावर गवत माजलं होतं, साण्यावर फुटकं मडकं पालथं घातलेलं होतं. गवंड्याने कुदळीने एक चौकोन खणला. वरची बोटभर माती पांढरी, तिच्याखाली काळसर थर, पुन्हा पांढरी, पुन्हा काळसर. पुतणी गुडघ्यावर बसून थर मोजू लागली. तेविसाव्या थराला कुदळ किलचणीला लागली आणि खालच्या माजघरात मूठभर माती पडल्याचा आवाज आला.

दिवाळीचा पाडवा झाला की माती उतरवायला सुरुवात करायचं ठरलं. पाच खण आधी, चार नंतर. भाऊ पुण्याहून येणार आहे.